शटर उचलण्यापुरता जोर

१२ जानेवारी, सोमवार
आजपासून व्यायाम. कारण लिहून ठेवते, म्हणजे टाळता येणार नाही. पापडी गावच्या बाजारातल्या आमच्या टेलरिंगच्या दुकानाचे शटर माझ्याच्याने उचलवत नाही. नोव्हेंबरात ऑगस्टीन गेला, तेव्हापासून ते बंद आहे. आत शेजारच्या फ्लॉसीच्या मुलाचा, जेन्सनचा, लग्नाचा सूट अडकलाय. लग्न ईस्टरनंतर. फ्लॉसी म्हणाली, चावी दे, मी उघडते. मी म्हटले, दुकान माझ्या नवऱ्याचे, शटर मीच उचलणार. फक्त दंडात जोर हवा.

१४ जानेवारी
भाचा मेलरॉय जिमला जातो. त्याने प्रोटीन पावडरचा डबा आणून दिला. चॉकलेट फ्लेवर. म्हणाला, मावशी, एक्सरसाइज झाल्यावर दुधातून घ्यायचं, नुसतं पिऊन बॉडी नाही बनत हां.
आज आधी प्यायले. आता व्यायाम करावाच लागेल.

१५ जानेवारी
झोप लागली.

२१ जानेवारी
पाण्याच्या दोन बाटल्या उचलल्या. दंड दुखले. वाचनालयातून व्यायामाचे पुस्तक आणले. त्यात लिहिले आहे, स्नायू व्यायामात वाढत नाहीत, नंतरच्या विश्रांतीत वाढतात. मेलरॉयने हे सांगितले नव्हते. हल्लीची मुले वाचतच नाहीत.

२७ जानेवारी
अजून विश्रांती. वाढ चालू असावी.

३ फेब्रुवारी
टेपने दंड मोजला. साडेदहा इंच. टेप सैल धरल्यावर पावणेअकरा. ऑगस्टीन म्हणायचा, मापात श्वास घ्यायला जागा ठेवावी. म्हणजे पावणेअकराच.

१० फेब्रुवारी
बाजारात मागच्या गल्लीने जाते. लांब पडते, पण चालणे होते. फ्लॉसी म्हणाली, क्लारा, दुकानासमोरून जायचं टाळतेस तू. मी म्हटले, कार्डिओ आहे. ती म्हणाली, असेल बाई, पण सूट कधी देतेस?

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
उपवासकाळ सुरू. दरवर्षी चॉकलेट सोडते, त्यामुळे पावडरही सुटली. चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर फादरांना विचारले. हसून म्हणाले, औषध समजून घ्या. हे फादर नवीन आहेत. जुन्या फादरांना विचारीन.

९ मार्च
वजन दीड किलो वाढले. स्नायू. मेलरॉय म्हणतो, मावशी, ते पोट आहे. जळतो.

२ एप्रिल
फ्लॉसी दारात येऊन ओरडून गेली. म्हणाली, माझा जेन्सन काय लेंगा घालून उभा राहणार वेदीपुढे? मी म्हटले, ईस्टर होऊ दे. दंड आता जवळजवळ तयार आहेत.

७ एप्रिल, मंगळवार
सकाळी फ्लॉसीने मनगट धरून दुकानावर नेले. पुढच्या रस्त्याने. कुलूप मी काढले. वाकले. पुस्तकाप्रमाणे पाठ सरळ ठेवली, श्वास घेतला. तेवढ्यात तिने एका हाताने शटर वर ढकलले. दुसऱ्या हातात भाजीची पिशवी होती.
सरसर वर गेले. ऑगस्टीनने दिवाळीत नवीन स्प्रिंग टाकली होती. तेलाची बाटली मीच धरली होती.
कोट हँगरवर तयार होता. पँटची तेवढी तुरपाई राहिलेली. कापडावर खडूची रेघ, त्याच्या हातची. फ्लॉसी आतून म्हणाली, ये ना गं. मी म्हटले, बाहेर उजेड चांगला आहे. तिने पँट आणि सुईदोरा आणून दिला. पायरीवर बसून तुरपाई केली. ती म्हणाली, खडू तरी झटक. मी म्हटले, लग्नाच्या दिवशी झटकू.
ती सूट घेऊन गेली. जाताना शटर तसेच वर ठेवून गेली. बराच वेळ बसून राहिले, मग खाली ओढले. तेही हलकेच आहे.
उद्या आत जाईन. आज पायातली चप्पल बरोबर नव्हती.