साडेतीन सप्तकांचा माणूस

२ फेब्रुवारी

या आवाजाची खरी किंमत आज मांडून बघितली. थंड पाणी कायमचं बंद. तळलेलं बंद. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांशी बोलणं बंद (त्यांच्या बाजूने). बाथरूमच्या आरशाला तडा. तो माझ्या आवाजाने गेला असं मी म्हणतो, आमची ही म्हणते तुमच्या हातून तांब्या आपटला. शिवाय सकाळचा वेळ, जो दुकान काढल्यापासून मी कोणाच्या बापाला दिला नव्हता. एवढ्यात साडेतीन सप्तकं पदरात पडली. सौदा स्वस्त आहे.

साडेतीन हा अंदाज नाही. फोनमध्ये सूर मोजायचं ॲप आहे. काटा खाली खर्जाला टेकतो आणि वर कुठल्या कुठे जाऊन थरथरत उभा राहतो. उभं आयुष्य यंत्रांत गेलं. यंत्र खोटं बोलत नाही.

५ फेब्रुवारी, सकाळी

रियाज उत्तम. पद्धत ठरून गेलीये. उठायचं, बाथरूमच्या खिडकीखालचा पंप चालू करायचा, टाकी भरेपर्यंत गायचं. टाकी भरली की आवाजही दमतो. शरीराचं एक घड्याळ असतं.

आज वरचा स्वर लावला, श्वास संपला, तोंड मिटलं, तरी स्वर चालूच. याला काहीतरी नाव असणार. शोधायला हवं.

ही म्हणाली, अहो, तो पंप एकदा बघा, केव्हाचा कुरकुरतोय. मोटारी आणि पंप दुरुस्त करून ज्याने हे घर उभं केलं, त्याला सांगतेय. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला लावतो, मूठ कानामागच्या हाडाला, आणि आत काय बिघडलंय ते न उघडता सांगतो. गिऱ्हाइकाने फोन मोटारीजवळ धरला तरी पुरतं. आजवर एक बेअरिंग माझ्या कानातून सुटलेलं नाही. घरचा पंप आजारी असता तर आधी मलाच कळलं असतं. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, बरं.

९ फेब्रुवारी

ही ज्या गायनमंडळात कित्येक वर्षं मागच्या रांगेत गाते, तिथल्या बाई यंदा एक अवघड गाणं बसवतायत. एकट्याने तळापासून टोकापर्यंत जायचं. तीन सप्तकं लागतात. निवड तेवीस तारखेला, सभागृहात, कोणालाही नाव देता येईल.

हे गाणं कोणासाठी बसवलंय ते उघड आहे. हिला म्हटलं, मी नाव देतोय. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. मग म्हणाली, मीही द्यायचं म्हणत होते, बाईंनी विचारलंय.

मला कौतुक वाटलं. समजावून सांगितलं की मागची रांगही फार महत्त्वाची असते, घराचा पाया कोणाला दिसतो का. एका घरातली दोन नावं बरी दिसत नाहीत. ती म्हणाली, मग तुम्हीच द्या.

इतकं समजूतदार माणूस मिळायला नशीब लागतं. भाजी मात्र खारट झाली.

१३ फेब्रुवारी

सकाळचा रियाज रेकॉर्ड करून बाईंना पाठवला. उत्तर आलं: हा माणसाचा आवाज वाटत नाही, कुठे रेकॉर्ड केलात?

हा मेसेज दुकानात दोन गिऱ्हाइकांना वाचून दाखवला. मेहुण्यालाही रेकॉर्डिंग ऐकवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, भाऊजी, यात तुम्ही नेमके कुठे आहात? जळतो.

१९ फेब्रुवारी

संध्याकाळी गाऊन बघितलं. वरचा स्वर नाही. खालचाही नाही. निदान: संध्याकाळची हवा जड. निवड सकाळी आहे, तेव्हा प्रश्न मिटला.

निश्चय: निवडीपर्यंत मौन. दुकानात पाटीवर लिहून बोललो. गिऱ्हाईक म्हणालं, घसा बसलाय का? त्याला लिहून दिलं, उलट.

ही स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणत असते. माझा कान बिघडतो म्हणून थांबवायला सांगितलं. (पाटीवर.) तिने दार लावून घेतलं.

२३ फेब्रुवारी, दुपारी

निवड झाली. सविस्तर लिहायला वेळ नाही.

तीच तारीख, संध्याकाळी

वेळ आहे.

सभागृह अत्यंत वाईट. छत नको तितकं उंच. कीबोर्डवाल्याने पट्टी भलतीच धरली. मी खर्ज लावला, तर पुढच्या रांगेतल्या एकाने शेजाऱ्याला विचारलं, सुरू झालं का? दुर्लक्ष केलं. वर चढत गेलो. एका जागी आवाज थांबला, जिना संपावा तसा. तोंड उघडं ठेवून वाट पाहिली. बरीच वाट पाहिली. बाईंनी विचारलं, पाणी देऊ का?

मग बाई मागे बघून हिला म्हणाल्या, तू ये. ही माझा थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, माझं नाव नाहीये. बाई म्हणाल्या, नाव मी लिहिते, तू आधी थर्मास खाली ठेव.

मी कानाचा माणूस आहे, खोटं लिहिणार नाही. तिने खालून सुरुवात केली तेव्हा तो तिचा आवाज आहे हे मला पटेना. मग ती वर गेली, आणखी वर. माझा जिना संपला तिथे तिने नुसता मजला बदलला. कुठे जोड नाही, कुठे ओढाताण नाही. मेहुण्याचे डोळे भरून आले होते. त्याला सर्दी असते.

गाणं हिला मिळालं. आश्चर्य नाही. माझा रियाज रोज कानावर पडल्यावर भिंतही गायला लागेल. बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, हो का.

२४ फेब्रुवारी, सकाळी

स्वर आला. पूर्ण. ॲप साक्षीला. म्हणजे दोष सभागृहाचा. निवड पुन्हा घ्या, असं बाईंना कळवायचं ठरवलं. हिला हाक मारून म्हटलं, आता नीट ऐक. तिने ऐकलं आणि ती खाली गेली.

स्वर ऐन भरात असताना बंद झाला. खर्जासकट. खिडकीतून बघितलं तर हिचा हात पंपाच्या बटणावर.

तिने पुन्हा चालू केला. माझं तोंड मिटलेलं होतं. स्वर आला.

ती हसली नाही, हे तिचे उपकार. नुसतं म्हणाली, अहो, मला आता सकाळी गायचंय, आणि हा नेमका माझ्या सुराच्या शेजारी ओरडतो. टोचतो हो.

ते ॲप फुकटचं आहे. फुकटच्या वस्तूचा काय भरवसा.

बाईंना कळवलं नाही.

२८ फेब्रुवारी

दुकान उशिरा उघडलं. पंपाला स्क्रूड्रायव्हर लावला, मूठ कानामागे. लगेच काढून घेतली. गिऱ्हाइकाचा पंप असता तर म्हटलं असतं, साहेब, बहिरे आहात का?

वरून हेडमास्तर बघत होते. म्हणाले, अखेर.

बेअरिंग हातावर घेऊन फिरवलं. कोरडं ठणठणीत, आत खडखडाट. काल-परवाचं नाही, वर्षभर गेलेलं. नवीन बसवलं. आता पंप चालू आहे की नाही हे हात लावल्याशिवाय कळत नाही. काम चोख आहे, ते कोणी नाकारू नये. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. ही गात होती. पान्हे गोळा करायला मला जरा जास्तच वेळ लागला.

नंतर पंप चालू केला, बाथरूममध्ये जाऊन ॲप लावलं, गायलो.

एक सप्तक. त्यातले वरचे दोन स्वर सोडून.