वेदीवर प्याला एकच

पनवेल, ३ सप्टेंबर २०२४

प्रिय शांतवनदादास,

धाकट्या एस्तेरचा सप्रेम सलाम. वि. वि. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून हे पत्र.

ईस्टरला आमच्या चर्चमध्ये काळूराम आणि शकूचा बाप्तिस्मा झाला. कातकरवाडीतलं जोडपं, तो द्रोणागिरीच्या गोदामात माल चढवतो. आता कमिटीने ठरवलं आहे की प्रभुभोजनात आम्हा सगळ्यांना नेहमीचा एकच प्याला आणि या दोघांना वेगळे स्टीलचे पेले. का, तर म्हणे ते तंबाखू खातात! सेक्रेटरींच्या खिशातली पुडी कोणाला दिसत नाही वाटतं.

वेदीवरची भांडी घासणं-मांडणं माझ्याकडे, म्हणजे ते पेले मीच मांडायचे. शकूने मला विचारलं की बाय, देव येकच हाय तं प्याले दोन कशाला? तीस वर्षं संडे स्कूलच्या मुलांना शिकवलं की देव पक्षपात करत नाही, आणि आता हे करू? मुळीच नाही.

प्रांजलच्या लग्नाची खरेदी चालू आहे. वहिनींना सलाम. रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी एस्तेर


नगर, १२ सप्टेंबर २०२४

चि. एस्तेरला अनेक आशीर्वाद.

तुझं डोकं थेट आईवर गेलं आहे. अगं, तुझ्या लेकीचं लग्न डिसेंबरात, त्याच चर्चमध्ये. कमिटीने परवानगीचं पत्र दिलं नाही तर कुठे जाशील? वेगळ्या पेल्यातही द्राक्षरस तोच असतो. डिसेंबरपर्यंत गप्प राहा, मग काय भांडायचं ते भांड. बीपीच्या गोळ्या वेळेवर घे.

कधी नव्हे ते थोरल्याचं ऐकावंस, लोभाखातर तरी.

तुझा दादा


पनवेल, ७ ऑक्टोबर २०२४

प्रिय दादास,

सप्रेम सलाम. वि. वि. ऐकलं नाही.

ते दोन्ही पेले माझ्या स्वयंपाकघरात आहेत. एकात जिरं आहे, एकात मोहरी. काल पाळकसाहेबांनी वेदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी छताचे पंखे मोजत होते. काळूराम आणि शकू पुढे आले, त्यांच्यानंतर मी गुडघे टेकले. पाळकसाहेबांनी प्याला पुढे केला. काळूराम प्यायला, शकू प्यायली, मग मी. माझ्यानंतर प्रांजल आणि आणखी पाच जण. बाकीचे बाकांवरून हललेच नाहीत. मला इतका संताप आला की शेवटचं गीत म्हणता येईना.

संध्याकाळी सेक्रेटरी वेदीच्या भांड्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडून घेऊन गेले. लग्नाचं पत्र मिळणार नाही, असंही सांगून गेले. प्रांजल म्हणाली की मग लग्न शकूच्या अंगणात करू. मला रडू आलं, पण पेले मी परत देणार नाही.

द्राक्षरस तोच म्हणतोस ना? मग वेगळ्या पेल्यातून तू कधी प्यायला आहेस का, तेवढं कळव. उत्तर काहीही असलं तरी माया आहे तिथेच आहे.

तुझी एस्तेर


नगर, १४ ऑक्टोबर २०२४

प्रिय एस्तेरला सप्रेम सलाम.

तुझं पत्र आल्यापासून घास गोड लागत नाही. एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आजोबा गावकुसाबाहेरून आलेले, म्हणून चर्चमध्येही शेवटच्या बाकावर बसत. सगळ्यांचं झाल्यावर त्यांची पाळी. पुष्कळदा तोवर प्याला रिकामा झालेला असे. तरी ते दोन्ही हातांनी धरून तो ओठांना लावत आणि आमेन म्हणत. मी आठ वर्षांचा होतो, शेजारीच बसून पाहत होतो. पुढे मी शिकलो, कमिटीत गेलो, पहिल्या बाकावर बसू लागलो आणि ते विसरलो. विसरलो कसला, लपवलं. मला माझी लाज वाटते.

प्रांजलला सांग, मामा अंगणात मांडव घालायला येतोय. त्याआधी तीन नोव्हेंबरच्या प्रभुभोजनाला येतो. सेक्रेटरींनी थोरला पाहुणा म्हणून पुढे बोलावलं तरी मला जाऊ देऊ नकोस. मला काळूराम आणि शकूच्या मागे उभं कर.

लोभ पत्रातून पुरे झाला, आता समक्षच.

तुझा दादा