वजीर झालेला वैद्य

चंडीगड, ४ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. अशोककाकांस,
आसावरीचा शि. सा. न.

रशीदुद्दीनवरच्या तुमच्या पुस्तकाची प्रकरणं मिळाली. इराणवर मंगोलांचं राज्य, त्यात हमदानचा एक वैद्य वजीर होतो काय, आणि चीनपासून हिंदुस्थानापर्यंत सगळ्यांचा इतिहास एका ग्रंथात आणतो काय! तुमचा जावई अनिकेत म्हणतो, काका या वजिराच्या प्रेमातच पडलेत.

माझं मात्र ठीक नाही. फोनवर रडू येतं, म्हणून पत्र. पिंजौरला ज्या दवाखान्यात मी जाते, तिथे माझा रुग्ण दगावला. माझ्या इंजेक्शनने वडील गेले, असं त्याचा मुलगा सगळ्यांना सांगतोय. चौकशी बसली आहे. इंजेक्शनबद्दल कमीच बोला, असं मालकांनी सुचवलंय. वाटतं, नोकरीच सोडावी. तुमच्या वजिराचं पुढे काय झालं?

लोभ आहेच, सध्या जरा जास्त असू द्या.
तुमची आसावरी

वाई, १२ फेब्रुवारी

चि. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

शेवटचं प्रकरण लिहायला हात धजत नाही, बाळ. सुलतान ओल्जायतू वारला आणि वैऱ्यांनी उठवलं की रशीदुद्दीननेच विष दिलं. सत्तरीचा म्हातारा चौकशीला उभा राहिला. जुलाबाचं औषध आपल्या संमतीने दिलं, हे त्याने नाकारलं नाही. आधी लेकाला मारलं, मग त्याला. तबरीझची त्याची वसाहत लुटली. पण ग्रंथांच्या नकला दरवर्षी करून गावोगावी धाडायची सोय त्याने केली होती, म्हणून सातशे वर्षांनी मी त्याला वाचतोय.

खोटा धीर देत नाही. खरं बोलून तो वाचला नाही. तरी मला तो सर्वांत मोठा वाटतो, तो त्या दिवशी.

तुझी खुशाली कळेपर्यंत काकूला घास गोड लागायचा नाही.
तुझा काका

चंडीगड, ३ मार्च

ती. स्व. काकांस,
सा. न.

चौकशीत सगळं सांगितलं. कोणतं इंजेक्शन, का दिलं, त्यानंतर रक्तदाब कसा कोसळला. पुन्हा तशीच अवस्था दिसली तर तेच देईन, हेही. मालकांचा चेहरा पडला. मुलगा मागे बसून ऐकत होता.

निकाल अजून नाही. पण काल तोच मुलगा ताप आलेल्या आईला घेऊन आला. दुसरे डॉक्टर मोकळे होते, तरी माझ्याकडेच. मान खाली घालून म्हणाला, डॉक्टरजी, इथे आम्हाला खरं तुम्हीच सांगितलंत. मी सुई भरली, आणि कशाची ते सांगू लागले. त्या माऊलीने ऐकून घेतलं आणि आपणच बाही वर सरकवली.

तुम्हा दोघांची माया अशीच पाठीशी राहो.
तुमची आसावरी