पाळणाघराखालचा खांब

३ फेब्रु., मंगळवार
हॉलमधली भेग खिडकीच्या चौकटीला टेकली. पाळणाघरातली मुलं दुपारी त्याच भिंतीकडे डोकं करून झोपतात. आज गाद्या आतल्या खोलीत ओढल्या. सगळी मावत नाहीत. इराला माझ्या पलंगावर घेतलं.

मग खाली पगारभाऊंच्या फर्निचरच्या दुकानात गेले. नवं रुंद दार, नवी काच. त्या दारासाठी मधला खांब दोन्ही बाजूंनी तासलाय. सळई उघडी दिसत होती, वरून प्लायवूड ठोकणं चाललं होतं.
"भाऊ, हा खांब बरोबर माझ्या हॉलखाली येतो."
"ताई, तुम्ही लय मनावर घेता. मिस्तरी म्हने काय नाय होत."
चहा मागवला. मी तो प्यायले. का प्यायले, कोण जाणे.

५ फेब्रु.
सोसायटीचे अध्यक्ष गायधनीकाका. इराचे आजोबा. त्यांना सांगून पाहिलं. "मीटिंगमध्ये घेऊ." कधी? "मार्चअखेर होऊ दे."
तिथूनच रिक्षा केली आणि महापालिकेत अर्ज देऊन आले.

विलास चिडला. "तुला काय पडलं होतं? रोज त्याच माणसाचं तोंड बघायचंय." म्हटलं, मुलं झोपतात तिथे. म्हणाला, "मुलं आपली नाहीत."
नवरा आहे. काय बोलणार.

११ फेब्रु.
आज महापालिकेचे लोक तपासणीला आले. पूर्वी म्हणे फक्त गावठाणातल्या जुन्या इमारती बघायचे, आता इंदिरानगरातल्या कॉलन्यासुद्धा. घरं, दुकानं, क्लास, दवाखाने, काही सोडायचं नाही.

इंजिनिअर बाई तरुण, पण कामाची. पगारभाऊंना प्लायवूड काढायला लावलं, खांबाचे फोटो घेतले. मला वाटलं, झालं. तर म्हणाली, "आता वरपासून दाखवा." गच्चीवरची गायधनीकाकांची पत्र्याची खोली, पार्किंगमधली अडगळ, गॅलऱ्यांच्या जाळ्या. शेवटी माझं दार.
"हे पाळणाघर? सोसायटीची ना-हरकत आहे?"
नाही. इतक्या वर्षांत कोणी विचारली नाही, मीही मागितली नाही. याच लोकांची मुलं सांभाळत होते, कुणाकडे मागणार?
"ताई, अर्ज तुमचा आहे हे माहितीय मला. पण एक खांब बघून जाता येत नाही आता. पूर्ण इमारतीचा आदेश आहे."
ती वाईट वागली नाही. तेच जास्त लागलं. भांडायलाही कोणी नाही.

१४ फेब्रु.
सगळ्यांना नोटिसा. दुकानाला: खांबाला आधार द्या, तज्ज्ञाचा अहवाल आणा. मला: ना-हरकत मिळेपर्यंत पाळणाघर बंद.

जिन्यात निकमवहिनी भेटल्या. त्यांची गॅलरीची जाळी काढायला सांगितलीय. "झालं समाधान?" म्हणाल्या. त्यांचा ओम माझ्या हॉलमध्ये चालायला शिकला. त्याला ताप असला तरी ह्या ऑफिसला जायच्या आणि मी त्याला मांडीवर घेऊन बसायचे. हे तोंडावर बोलायला हवं होतं.

१७ फेब्रु.
पगारभाऊंनी वकील लावला, मुदत मिळवली. खांबाला आधार नाही. प्लायवूड परत ठोकलं, वर कसलासा चकचकीत कागद. दुकान चालू, पाळणाघर बंद.

रूपालीचा फोन. छोट्या आरवची आई, हॉस्पिटलात नर्स. एकटी आहे. "काकू, माझी सकाळची ड्यूटी लागलीय. याला कुठे ठेवू?" दोन-तीन ठिकाणं सांगितली. सगळीकडे विचारून झालं होतं तिचं.

घर नुसतं शांत. दुपारी सवयीने सगळ्यांसाठी मऊ भात टाकला. संध्याकाळी तोच आम्ही खाल्ला. विलास ताटात बघत राहिला.

२० फेब्रु.
इराच्या आईचा फोन, इराचा डबा राहिलाय का माझ्याकडे. बोलता बोलता म्हणाली, "तिला माझ्या आईकडे देवळाली कॅम्पला ठेवलंय. पाळणाघर सुरू झालं तरी इतक्यात नको, बाबा म्हणाले. त्या खांबाचं नक्की कळू दे."
बाबा म्हणजे गायधनीकाका. मार्चअखेर मीटिंग घेणारे.

२२ फेब्रु., रविवार
मार्चअखेरची मीटिंग आज झाली! पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून. सगळे हजर. एरवी चार टाळकी येत नाहीत.

काकांनी दोन कागद टाइप करून आणले होते. एकावर माझी सही हवी: तक्रार गैरसमजातून केली, भेग जुनीच आहे. दुसरा पाळणाघराची ना-हरकत. सही इकडे, ना-हरकत तिकडे.
पगारभाऊ म्हणाले, "ताई, आपन घरचीच मान्सं. कशाला वाढवायचं?"
काका म्हणाले, "अगं माधुरी, खांब चांगला दणकट आहे. मी स्वतः बघितलाय."
म्हटलं, "मग इराला उद्या आणा. तिला हॉलमध्ये झोपवते आणि लगेच सही करते."
काका पायातल्या चपलांकडे बघत बसले. मग, "विषय तो नाहीये."
बाकी कोणी मान वर केली नाही. त्यात विलासही.
सही केली नाही. उठून आले.

वर आल्यावर विलास: "त्यांना तोंडघशी पाडून काय मिळालं?" काही नाही मिळालं. खरंच.

२५ फेब्रु.
इंजिनिअर बाईंना फोन केला. खांबाची तपासणी व्हायची आहे, पण मुदत संपेपर्यंत हात लावता येत नाही. "तोवर हॉल वापरू नका." आम्ही आतल्या खोलीत जेवतो.

जिन्यात कोणी बोलत नाही. निकमवहिनी मी दिसले की दार लावून घेतात.

२७ फेब्रु.
ते दोन्ही कागद काकांनी दाराखालून सरकवले. खाली पेन्सिलीने: "विचार कर."

दुपारी रूपाली आली, आरवला कडेवर घेऊन. नोकरी सुटायची वेळ आलीय. आरव खाली उतरला तो थेट हॉलकडे पळाला. मी धावून धरला. खूप रडला.
रूपालीने कागद बघितले होते. मग म्हणाली, "काकू, सही केलीत तर उद्यापासून सुरू होईल ना?"
म्हटलं, "तू हॉलमध्ये झोपवशील याला?"
"आतल्या खोलीत झोपवा," म्हणाली. "दुसरं काय करू मी?"

ती गेली. कागद अजून तसेच, बिनसहीचे. आरवला उद्या सकाळी घेऊन येते म्हणाली. मी नको म्हटलं नाही.