नाही म्हणालं कोण?

प्रिय खवचट माणसा,

पुन्हा एका घरात राहायचं का, हा तुझा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात होते. उत्तर द्यायला फोन हातात घेतला आणि तसाच ठेवला. तेव्हापासून रोज तेच चाललंय. हो म्हणावं तर आपली भांडणं आठवतात. नाही म्हणावं तर एकटीपुरता चहा टाकताना हात अडखळतो. डोक्याचा नुसता भुगा झालाय.

त्यात माझं काम हे असलं. आमच्याकडे रजेचे अर्ज आता कॉम्प्युटरवर फिरतात आणि त्यांच्या मुदती मी लावते. मुदतीत साहेबांनी बटण दाबलं नाही तर पुढे काय, ते आधीच सांगून ठेवावं लागतं. नुसती आठवण पाठवायची, की अर्ज परस्पर निकालात काढायचा? आणि काढायचा तर कुठल्या बाजूने? मी भाबडेपणाने 'मंजूर' ठेवलं. नेमके साहेब दाढदुखीने घरी बसले आणि सगळ्यांच्या रजा आपोआप मंजूर झाल्या. सोमवारी ऑफिसात मी आणि वॉचमनकाका, दोघंच. काका म्हणाले, "मॅडम, आज सुट्टी आहे का? मला कुणी बोललंच नाही!" साहेबांनी आल्याआल्या फर्मान काढलं, "मी गप्प बसलो म्हणजे नाही, एवढं लक्षात ठेवा." मी मुकाट्याने 'नामंजूर' करून टाकलं.

परवा स्टोअरमधल्या मावशी आल्या. लेकीच्या बाळंतपणासाठी रजा मागितली होती, ती नामंजूर. "साहेब नाही म्हणाले?" "नाही हो मावशी, त्यांनी अर्ज उघडलाच नाही." "मग तू म्हणालीस?" "मी कशाला म्हणेन?" मावशी म्हणाल्या, "अगं, मग नाही म्हणालं कोण?"

साहेबांपुढे उभी राहून मी मावशींची रजा मिळवून दिली. आता मी नुसती आठवण ठेवलीय. साहेब वैतागलेत, दिवसभर टुणटुण वाजतं म्हणून. हे तरी बरोबर केलं का, कोण जाणे.

आज तुझा मेसेज पुन्हा वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. 'रविवारपर्यंत काही कळलं नाही तर नाही असंच समजेन आणि बदली घेऊन टाकेन.' उद्या रविवार. मला अजून हो म्हणता येत नाहीये रे, खरंच. पण तो नकारही माझा नाही. म्हणून हे पत्र आता स्वतः येऊन तुझ्या दाराखालून सरकवणार आहे. बदलीचं उद्या काही ठरवू नकोस. समोर बसून मला परत विचार. तेव्हाही मी गप्प बसले, तर गप्प बसलीय एवढंच समज.

तुझीच
(हे सवयीने लिहिलं की मनापासून, तेही कळत नाहीये. पण खोडत नाहीये.)