कांद्याच्या फुलाची सुरी

ता. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र आलं. तू त्यांच्या हातातली सुरी काढून घेतलीस आणि त्यांना गल्ल्यावर बसवलंस म्हणे! आपलं हॉटेल चालतं ते त्या तळलेल्या कांद्याच्या फुलावर, आणि फूल कापावं तर बाबांनीच.

मी सध्या एका खानावळीत भांडी घासतो. (इथवर कांद्यांच्याच ट्रकमधून आलो, ती गंमत वेगळी.) इथेही फूल करतात, पण कांदा पालथा घालून मुळापासून जरा खाली सुरी लावावी, तर आचारी थेट मुळातूनच कापतो. मग पाकळ्या तेलात सुट्या होऊन फिरत बसतात. असं गिऱ्हाइकाला वाढायचंय का तुला? माझं डोकं फिरलंय.

लोभ नंतर बघू, आधी सुरी परत दे.

तुझा,
भिरभिऱ्या

ता. ११ मार्च

चि. भिरभिऱ्यास,
अ. उ. आ.

बशा घासता घासता मला अक्कल शिकवतोस! बाबांचा हात थरथरतो, हे त्यांनी लिहिलं नसेलच. मी सुरी काढून घेतली त्याच्या आदल्या दिवशी त्यांचीही सुरी मुळातून गेली. फूल कढईत फुटलं आणि तेल माझ्या कोपरापर्यंत उडालं. फोड आलेत. लांब बाह्या घालून तळते, गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून. बाबांनाही सांगितलेलं नाही.

गल्ल्यावर बसून ते येईल त्याला सांगतात, आज फूल मागवू नका, मुलीने कापलंय. रडू की हसू?

एवढा कळवळा आहे तर ये आणि कढईपुढे उभा राहा. लोभ आहे म्हणून एवढ्यावर सोडते.

ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या आणि तुझ्या हाताचं मला माहीत नव्हतं. पण राग गेलेला नाही, आता तो तुम्हा दोघांवर आहे. घरात एवढं झालं आणि मला कोणी कळवायचं नाही?

इथल्या आचाऱ्याने मांजर पाळलंय, ते पिठाच्या गोणीवरच झोपतं. पिठावरून आठवलं. हा माणूस कांदा पिठात नुसता लोळवतो, मग पाकळ्यांत गोळे अडकतात. बाबा कसे उलटा धरून झटकायचे! त्यांना पिठाच्या परातीशी बसव. तिथे थरथरत्या हाताने काही बिघडत नाही. मी सुचवलं म्हणू नकोस.

फोडांवर औषध लाव, उगाच शूरपणा नको. रागातलाही लोभ मोजून घे.

भिरभिऱ्या

ता. २ एप्रिल

चि. भिरभिऱ्यास,
अ. उ. आ.

माझ्या हातांचं काय करायचं ते तुम्ही भावंडांनी टपालाने ठरवलंत. मला विचारायची पद्धत गेली वाटतं. ताई म्हणाली, पिठाशी माणूस कमी आहे. तिला खोटं बोलता येत नाही, तुझं नाव लगेच कळलं.

रागारागाने बसलो. कांदा उलटा धरला, बाकीचं हाताच्या थरथरीनेच केलं. पाकळीन् पाकळी मोकळी झाली. हे तिला बोललो नाही, तूही लिहू नकोस.

पीठ झटकायला तिने बाही वर केली तेव्हा हात पाहिला. मग सुरीला धार लावली. धार लावायला वेळ लागला, पण लावली. ती सुरी तिच्या हातात दिली आणि मूळ राखून कुठे थांबायचं ते दाखवलं.

तेव्हा सुरी काढून घेतली, असं यापुढे कोणाला सांगत सुटू नकोस. मी दिली आहे.

कढईपुढची जागा तुझी आहे. येतोस की नाही, एका ओळीत कळव. तेवढ्यावरून लोभ समजेन.

बाबा