आमराईतली आठवी पेटी

पडघा,
शनिवार, दि. ७ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप बाळारामकाकांच्या चरणी भाविकाचा नमस्कार.

आपणांस पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, याची आधीच क्षमा मागते. धाकट्यांनी थोरल्यांना असे लिहावे, ही आपल्या घरातली रीत नव्हे. परंतु समोर आलात की माझी मान खाली जाते आणि फोनवर ‘हो’ आणि ‘बरं’ यांपलीकडे मला सुचत नाही. कागदावर मात्र मी थोडी धीट असते.

घरी सर्व ठीक. आक्काचा खोकला उतरला आहे. बाबा ‘दादा धामणकर नाक्यावर राहायला गेल्यापासून घर सुनं वाटतं’ असे रोज जेवताना म्हणतात.

आपल्या आमराईतल्या मधमाशांचे आपण जाणताच. बुधवारच्या सभेला आपण स्वतः होतात. तरी थोडे मागचे लिहिते.

बारावीत मी तालुक्यात पहिली आले तेव्हा आपण मला मधमाशांची पेटी घेऊन दिलीत आणि मधुपाळ मंडळात माझे नाव घातलेत. ‘पुस्तकातून डोकं काढ जरा,’ म्हणालात. मी त्यावरही पुस्तकच आणून वाचले. तेव्हा मंडळातली धाकली सगळ्यांसमोर हसली होती, “वाचून मध न्हाय मिलत, मास्तरीन. हात घाल आत!” वाडीवरची ही बाई मला तेव्हा फार उद्धट वाटली. पुढे श्रावणात फुले नसताना साखरेचा पाक ठेवणे, दिवाळीनंतर पोळ्यांसाठी नव्या चौकटी देणे, थंडीत पेटीवर गोणपाट घालणे, हे सारे आम्ही दोघींनी मिळून केले. यंदा मोहोर लवकर आला, माशा दिवसभर आंब्यावर असत. आमराईतल्या आठही पेट्या भरात होत्या.

मंगळवारी दुपारी कॉलेजातून परस्पर आमराईत गेले. सात पेट्यांपुढे मेलेल्या माशांचे थर पडले होते. बऱ्याच माशांच्या जिभा बाहेर आलेल्या. औषध फवारलेल्या फुलावर बसलेली माशी अशीच मरते. आठवी पेटी माझी. ती आतून घुमत होती.

बुधवारच्या सभेतले बोलणे आपण ऐकलेत. मंडळाचे अध्यक्ष चांगदेवबुवा मला म्हणाले, “तुझीच पेटी कशी वाचली गं? तुझी राणीमाशीपन परीक्षेत पयली आली काय?” लोक हसले. मग धाकलीचा विषय निघाला. ती मजुरीने फवारणीला जाते, पंप तिच्या घरी असतो, आणि सोमवारी संध्याकाळी ती आमराईतून सरपण घेऊन जाताना दिसली होती.

“माज्याबी दोन पेट्या मेल्या ना! मी कशाला मारू?” ती म्हणाली.

“संशय येऊ न्हाय म्हनून मारल्या असशील,” चांगदेवबुवांनी उत्तर दिले.

तेव्हा आपण उठलात. “आमराई माझी हाय, पन न्याय मंडळाचा. जिच्या घरी पंप, तिला विचारा.” एवढे बोलून आपण गाडीत बसलात.

काका, दोन दिवस माझाही संशय धाकलीवरच होता. नंतर चांगदेवबुवांवर गेला. त्यांना अध्यक्षपद टिकवायचे आहे. एका संध्याकाळी तर मी बाबांकडेही संशयाने पाहिले. या सगळ्यांकडे मी इतक्या तत्परतेने वळले, ती एका माणसाकडे पाहायचे नव्हते म्हणून, हे आता कळते.

सभेत सांगितले नाही, ते असे. मंगळवारी मी पोहोचले तेव्हा माझ्या पेटीच्या दाराला तारेची जाळी बांधलेली होती आणि वर ओले गोणपाट होते. फवारणी करायची असेल तर आदल्या संध्याकाळी माशा घरी परतल्यावर दार असे बंद करावे, हा मंडळाचा नियम आहे. ज्याला उद्याची फवारणी ठाऊक असते, तोच दार बंद करतो. आत माशा गुदमरतील म्हणून मी जाळी घाईने काढली आणि पिशवीत टाकली. मग लोक जमले आणि ती पिशवीतच राहिली.

जाळी सुती धाग्याने बांधली होती. त्याची गाठ मी सोडली नाही, धागा कापला. कापडाच्या लूमवर तुटलेला धागा जोडताना मारतात, ती बारीक, चपटी गाठ आहे. आपल्या गावात लूमवर उभे राहून वाढलेले माणूस एकच आहे. मी दुसरीत असताना त्याने मला मांडीवर बसवून ती शिकवली होती. मला अजूनही तशी जमत नाही.

आपली लेक करिष्मा आज आली आहे. तिने सहज सांगितले, “पप्पांची आमराईच्या जागेसाठी गोदामवाल्यांशी बोलणी अडलीत. माशा हायत तोवर त्यांचे मजूर आत पाय टाकायला तयार न्हाईत.” आपण तर देवळात, साऱ्या गावासमोर, तीन वर्षांसाठी आमराई मंडळाला दिली होती. दिलेला शब्द आपण मोडत नाही. माशाच उरल्या नाहीत, तर मोडावाही लागत नाही.

मी चुकत असेन, अशी मनापासून इच्छा आहे. मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी औषध मारले, एवढेच असेल. मग मंडळाला का कळवले नाही? आणि एकाच पेटीला जाळी का?

उद्या सकाळी दहाला देवळाच्या ओट्यावर पुन्हा सभा आहे. धाकलीला मंडळातून काढून तिच्या पेट्या काढून घ्यायचा ठराव येणार आहे. चांगदेवबुवा पोलिसांतही नाव देणार म्हणतात. काल मी तिच्याकडे गेले होते. ती पेट्या धूत होती. “तुलाबी वाटते ना, मीच मारल्या?” तिने विचारले. मी नाही म्हणाले, पण उशिरा म्हणाले. तिने ते ओळखले.

आपण उद्या या आणि जे घडले ते सांगा. मी कोपऱ्यात बसून राहीन, एक शब्द बोलणार नाही. आपण आला नाहीत, तर ती जाळी गाठीसकट घेऊन मी उभी राहीन. मला चारचौघांत बोलता येत नाही, हे सर्वांत जास्त आपल्याला ठाऊक आहे. त्या भरवशावरच आपण माझी पेटी वाचवलीत की काय, ही शंका मला इतर सर्व शंकांहून अधिक जाचते आहे.

करिष्माला आतले काही सांगितलेले नाही. पाकीट चिकटवले आहे.

‘आपली आज्ञाधारक’ असे लिहून खोडले आहे. उद्या दहापर्यंत केवळ

आपली पुतणी,
भाविका

करिष्माच्या हाती दिले : शनिवार, दि. ७ फेब्रुवारी २०२६, दुपारी ४ वाजून २० मिनिटे.